टॉलरन्सबाहेरचा पोपट

पिंपरी-चिंचवडमध्ये लाकूड म्हटलं की माणसाला आधी पॅलेट आठवतं आणि नंतर सरण. मधलं काही सहसा आठवत नाही. त्यात कुणाचा दोष नाही, गावच लोखंडाचं. १९५४ साली पिंपरीत पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आला, साठच्या दशकात एमआयडीसी आली, तिच्या मागोमाग ट्रक आले, स्कूटरी आल्या, रिक्षा आल्या, आणि बघता बघता हा पट्टा भोसरी-मोशी करत इंद्रायणी ओलांडून चाकणला जाऊन भिडला. इथला माणूस झोपेत कूस बदलतो तीसुद्धा मिलिमीटरमध्ये. स्थळ बघताना मुलाचा रंग-उंची नंतर, ‘परमनंट आहे ना?’ हे आधी. अशा गावात लाकडाला एकच काम उरतं, लोखंडाच्या अंगावर कपडे चढवायचं.

हे कपडेही साधे नाहीत. न्यूझीलंडात वाढलेल्या पाइनचे ओंडके जहाजात बसून कांडल्याला उतरतात, गांधीधामच्या सॉ मिलमध्ये त्यांच्या फळ्या पडतात, त्या ट्रकने चाकणला येतात, इथे त्यांची खोकी होतात, खोक्यात कुणाचा गिअर नाहीतर कुणाचा अ‍ॅक्सल बसतो, आणि झाड पुन्हा समुद्रप्रवासाला निघतं. माझ्या ओळखीच्या बऱ्याच माणसांपेक्षा या फळ्यांनी जग जास्त पाहिलंय. त्यांना व्हिसाही लागतो. लाकडातली कीड एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ नये म्हणून आयएसपीएम-१५ नावाचा आंतरराष्ट्रीय नियम आहे. फळी गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवायची आणि मग तिच्यावर शिक्का डागायचा. शिक्क्यात गव्हाच्या लोंबीचं चित्र, देशाची दोन अक्षरं आणि ‘एचटी’, म्हणजे भाजून झालंय, आता जाऊ द्या. चाकणला छप्पन आकडा तसा जुनाच. १६६० मध्ये फिरंगोजी नरसाळ्यांनी चाकणचा संग्रामदुर्ग शाएस्ताखानाविरुद्ध छप्पन दिवस लढवला होता. तेव्हा माणसं भाजून निघाली, आता लाकूड निघतं.

ही खोकी ठोकणाऱ्यांपैकी एकाबद्दल मला लिहायचंय. त्याला सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही मिस्त्रीच म्हणतो. गाव सहारनपूर. उत्तर प्रदेशातलं हे शहर लाकडी नक्षीकामासाठी सगळीकडे नावाजलेलं. तिथल्या कामाला भौगोलिक मानांकनही आहे. शिसवी लाकडावर द्राक्षाचा वेल चढवावा तर सहारनपूरकरांनीच. तिथल्या गल्ल्यांत मुलगा शाळेत जाण्याआधी पटाशी धरायला शिकतो, आणि बरेचदा शाळेत जायचं राहूनच जातं. आमचे मिस्त्री याच जातकुळीतले, आणि काम काय, तर कुदळवाडीच्या एका शेडमध्ये नेलगनने खोकी ठोकायची. ठप्प, ठप्प, ठप्प, पुढचं.

कुदळवाडी ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. चिखलीजवळचा हा भाग म्हणजे या पट्ट्यातल्या सगळ्या वस्तूंचा पुनर्जन्म होण्याचं ठिकाण होतं. यंत्रं बाहेरदेशांतून खोक्यांत यायची, खोकी फुटून इथे यायची, आणि इथून दिवाण, टीपॉय, चपलांचा रॅक अशा रूपांनी आमच्या घरांत शिरायची. मीही माळ्यासाठी चार फळ्या बघायला गेलो होतो. जेवणाची सुट्टी होती. सगळे मोबाइलात डोकं घालून बसलेले, आणि हा एक माणूस तुटक्या फळीच्या तुकड्यावर पोपट काढत बसलेला. शेडचा मालक मला म्हणाला, “त्याच्याकडे लक्ष देऊ नका काका. रिकामा वेळ मिळाला की पक्षी काढतो.” चहा-तंबाखूच्या सवयीबद्दल बोलावं तसं, थोडं सांभाळून घेत.

आता माझी थोडी ओळख द्यायला हवी. मी आयुष्यभर क्वालिटीत काढलं. म्हणजे दुसऱ्याने केलेल्या वस्तूला ‘हे नाही चालणार’ म्हणण्याचा पगार घेतला. निवृत्तीनंतर पगार थांबला, म्हणणं थांबलं नाही. आमच्या सौभाग्यवतींचं म्हणणं असं, की मला ह्यांनी बघण्याच्या कार्यक्रमात पास केलं ते डेव्हिएशन नोट लिहूनच. तर अशा माणसाच्या घरी देवघर करायचं ठरलं आणि ते मिस्त्रींकडे गेलं.

मिस्त्री पहिल्यांदा घरी आले तेव्हा मी ड्रॉइंग तयार ठेवलं होतं. तीन बाजूंनी, मापांसह. त्यांनी ते आदराने हातात घेतलं, उलटं करून मागच्या कोऱ्या बाजूवर पेन्सिलीने एक कमान काढली, आणि थेट आमच्या हिच्याशी बोलायला सुरुवात केली. “चाचीजी, गणपती की सूंड किधर है? समई अंदर जलाते हो या बाहर? घंटी टाँगोगे?” मग ताम्हण किती मोठं, गंधाची सहाण कुठे ठेवता, कापूर आत लावता का. हा कापराचा प्रश्न महत्त्वाचा निघाला, कारण काजळी बारीक नक्षीत जाऊन बसते आणि मग दात घासायच्या ब्रशने काढावी लागते. म्हणून कापराच्या वरच्या भागात नक्षी उथळ ठेवायची, धुराच्या वाटेतून जरा बाजूला. हे माझ्या ड्रॉइंगमध्ये नव्हतं. मिस्त्री दुपारची नमाज पढून आले होते आणि आमच्या बाळकृष्णाच्या डोक्यावरच्या कमानीची उंची ठरवत होते. बाळकृष्णाची काही हरकत दिसली नाही. हिची तर नव्हतीच. तिने त्यांना पोहे दिले, आणि मला विचारलं की एवढी वर्षं कंपनीत तुम्ही नक्की काय तपासत होता.

दर्शनी भाग शिसवीचा ठरला. पाइनवर मोठी नक्षी करायला मिस्त्री तयार होईनात. “चीड में नक्काशी नहीं होती साहब, बहस होती है.” पाइन मऊ असतं पण एकसारखं मऊ नसतं. हंगामाहंगामाच्या वाढीचे पट्टे आळीपाळीने मऊ आणि कडक. पटाशी मऊ पट्ट्यात घुसते आणि कडक पट्ट्याशी येऊन अडते, आणि जोर केला की कपचा निघतो. शिवाय गाठीतून डिंक. म्हणून पाइन फक्त मागच्या फळीला आणि खणाला. ही फळी कुठल्याशा कोरियन यंत्राच्या खोक्याची होती. तिच्यावर ‘केआर’ आणि लोंबीचा शिक्का डागलेला. मी म्हटलं, रंधा मारून काढून टाका. मिस्त्री काही बोलले नाहीत.

काम चालू असताना मी त्यांच्या शेडवर जाऊन बसू लागलो. निवृत्त माणसाला बसायला जागा आणि दुसऱ्याचं चाललेलं काम, एवढं मिळालं की बास. त्यांच्या पटाश्या एका जुन्या जीन्सच्या पायात गुंडाळलेल्या असत. सपाट, गोल, तिरक्या, आणि काही तर दाभणाएवढ्या बारीक. प्रत्येकीची मूठ वेगळी, कारण तुटली की हाताला येईल त्या लाकडाची नवी बसवायची. आधी पेन्सिलीने वेल काढायचा. मग कडेने उभी पटाशी मारून वेलाची हद्द आखायची, आणि मग भोवतालची जमीन खाली उतरवायची. वेल वर येत नाही, भोवतालचं सगळं खाली जातं. ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात यायला बराच वेळ लागला. पानाची शीर काढताना मिस्त्री पटाशी जवळजवळ हलवतच नसत, डाव्या हाताने फळी फिरवत. लाकडाचा रेषा जिथे उलटा होतो तिथे पाऊण सेकंद थांबत, फळी उलटी करत आणि दुसऱ्या बाजूने येत. तिथे रेषा उलटा आहे हे त्यांना कळायचं कसं? मी भिंग लावून पाहिलं. मला काही दिसलं नाही. ते म्हणाले, आवाज बदलतो. मी कान लावून बसलो, तर शेजारच्या नेलगनचं ठप्प-ठप्प ऐकू आलं.

भांडण झालं ते पोपटांवरून. कमानीच्या दोन अंगांना दोन पोपट ठरले होते, समोरासमोर. तयार झाल्यावर मी खिशातून व्हर्नियर काढला. (हो, खिशातच असतो. काही माणसांच्या खिशात अडकित्ता असतो.) डाव्या पोपटाची चोच उजव्यापेक्षा तीन मिलिमीटर लांब निघाली. शेपट्यांचा कोन वेगळा. डोळे तर कुठल्याच डेटमलाइनवर नाहीत. मी शांतपणे सांगितलं की मिरर इमेज हवी होती, हे टॉलरन्सच्या बाहेर आहे. मिस्त्रींनी दोन्ही पोपटांकडे पाहिलं आणि विचारलं, “साहब, दोनों एक जैसे हुए तो एक-दूसरे को देखेंगे क्यों?”

याचं उत्तर कुठल्याच क्वालिटी मॅन्युअलमध्ये नाही. मी घरी आलो.

पुण्याच्या इतिहासात मिस्त्रींचा एक पूर्वज आहे. रक्ताच्या नात्याचा नव्हे, वाटेच्या नात्याचा. शनिवारवाड्याची पायाभरणी १० जानेवारी १७३० ची, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ची, खर्च १६,११० रुपये. सागवान जुन्नरच्या जंगलातलं, चुना जेजुरीचा, आणि दगड आमच्या चिंचवडच्या खाणींचा. म्हणजे कंत्राटी मालपुरवठा हा चिंचवडचा धंदा तेव्हापासूनचा. वाड्याच्या कारागिरांची जी नावं सांगितली जातात त्यांत कोंडाजी सुतार आहे, मोरारजी पाथरवट आहे, आणि एक भोजराज आहे, जडावकाम करणारा, थेट जयपूरचा.

या भोजराजाबद्दल मला भारी कुतूहल आहे. जयपूर वसवायला सुरुवात झाली १७२७ च्या नोव्हेंबरात. शनिवारवाड्याचा पाया पडला तेव्हा ते शहर दोन-सव्वादोन वर्षांचं होतं. सवाई जयसिंगाचं अख्खं शहर बांधून व्हायचं होतं. चौक, हवेल्या, महाल, सगळीकडे छिन्नी-हातोडे वाजत असणार. भोजराज वाड्याच्या पहिल्याच बांधकामात होता असं धरलं, तर घराशेजारी एवढं काम पडलेलं असताना तो पुण्याला कशाला आला? मला वाटतं, जिथे काम मुबलक तिथे कारागीरही मुबलक, आणि मुबलक कारागिराला भाव नसतो. किंवा मुकादमाशी पटलं नसेल. किंवा थोरल्या भावाने घराण्याचं काम स्वतःकडे ठेवलं असेल. हेच सगळं मिस्त्रींच्या तोंडूनही मी ऐकलंय, फक्त शहरांची नावं बदलून. पुण्यात भोजराजाला खोली कुणी दिली असेल? मांसमच्छी चालणार नाही, पाणी सकाळी एकच तास, पाहुणा आला तर आधी सांगायचं, हे नियम तेव्हाही असतील? कोंडाजी सुताराला परगावाहून आणलेला हा माणूस आवडला असेल? चहा नव्हता त्या काळी, त्यामुळे दोघांचं जुळलं तरी कशावर, हाही प्रश्नच.

२७ फेब्रुवारी १८२८ ला वाड्याला आग लागली आणि आतलं लाकूड सगळं गेलं. जुन्नरचं सागवान गेलं, जयपूरचा हात गेला. दगडी तट आणि जोती मात्र जिथल्या तिथे आहेत. चिंचवडकरांचा माल टिकतो, हे मी अभिमानाने नमूद करतो.

मिस्त्रींना मी एकदा पुण्यात घेऊन गेलो होतो. रविवार पेठेत पितळी बिजागऱ्या घ्यायच्या होत्या, आणि बाजीराव रस्त्यावर विश्रामबागवाडा दाखवायचा होता. दुसऱ्या बाजीरावाच्या या वाड्याच्या दर्शनी सज्जाचं कोरीव लाकूडकाम अजून शाबूत आहे. पुणेकर त्याच्याखालून रोज जातात, आणि रस्ता एकेरी असल्यामुळे मान वर करायची कुणाला उसंत नसते. मिस्त्री फुटपाथवर उभे राहिले. मागून एक आजोबा “चला चला, पुढे व्हा” म्हणाले, त्यांना वाट दिली, पुन्हा तिथेच उभे. मला वाटलं आता वाहवा करतील. त्यांनी बोट दाखवून म्हटलं, “वो कोनेवाला देखो. वो किसी चेले का है.”

म्हणजे काय? तर म्हणे त्या कोपऱ्यातल्या कामात हात थोडा घाबरलेला आहे. वळणापाशी पटाशी दोनदा ठेवलीय. आणि शेजारचं पान बघा, ते उस्तादाने नंतर येऊन सावरलंय. मी पाहात राहिलो. दहा मिनिटांनी मला ते दिसलं, किंवा दिसल्यासारखं वाटलं. दोनशे वर्षांपूर्वीचा एक शिकाऊ पोरगा, त्याची चूक, आणि ती झाकणारा त्याचा मास्तर. कंपनीत आम्ही याला ट्रेसेबिलिटी म्हणत असू. प्रत्येक नगावर नंबर, नंबरावरून पाळी, पाळीवरून माणूस. तरी निम्म्या वेळा माणूस सापडत नसे. इथे नंबर नाही, रजिस्टर नाही, आणि मिस्त्री माणसाचं वयसुद्धा सांगायला तयार होते.

सहारनपूर का सोडलं, हे त्यांनी फार नंतर सांगितलं, आणि तेही तक्रारीच्या सुरात नाही. तिकडेही सीएनसी राउटर आला. संगणकात वेलाची फाइल घालायची, खाली एमडीएफचा बोर्ड ठेवायचा, बटण दाबायचं. हाताला आठवडा लागायचा ते जेवणाच्या सुट्टीत होऊ लागलं. नात्यातल्या कुणी ई-रिक्षा घेतली, कुणी रंगकामाला गेलं, आणि मिस्त्री गाववाल्यांच्या ओळखीवर चाकणच्या पॅकिंगला आले. इथे आल्यावर पहिलं मोठं खोकं त्यांनी ठोकलं ते एका सीएनसी यंत्राचं. “अच्छे से पॅक किया?” मी विचारलं. “बहुत अच्छे से,” ते म्हणाले. “किसी का नुकसान थोड़ी करना है.”

सीएनसीची बाजू घेणं मला भाग होतं. त्या यंत्रांनी माझं घर चालवलं, मुलीचं शिक्षण केलं. मी मिस्त्रींना सगळं समजावून सांगितलं. एक्स, वाय, झेड, टूल ऑफसेट, फीड रेट. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग एकच विचारलं, मधे गाठ आली तर यंत्र काय करतं? खरं उत्तर असं, की काही करत नाही. यंत्राला गाठ माहीतच नसते. म्हणून तर त्याला एमडीएफ देतात, भुसा दाबून केलेलं, गाठ नसलेलं, रेषा नसलेलं, ज्याला कुठलंच गाव नाही असं लाकूड. आमच्या पट्ट्यात माणसंही साधारण याच स्पेसिफिकेशनची पसंत पडतात. हे मी मिस्त्रींना म्हटलं नाही. त्यांनी पहिल्याच दिवशी गेटवर ओळखलं असणार.

२०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने कुदळवाडीवर बुलडोझर फिरवले. भंगाराची गोदामं, शेड, कारखाने, खोल्या, मैलोन्मैल सपाट. अनधिकृत होतं हे खरं. तिथे वारंवार आगी लागायच्या, काळा धूर आमच्या गॅलऱ्यांत यायचा, हेही खरं. आसपासच्या सोसायट्यांमधून धुराविरुद्ध अर्ज गेलेले होते. त्या अर्जांवर सही करणाऱ्या बहुतेकांची कपाटं कुदळवाडीतलीच होती. मिस्त्रींची शेड गेली. आमच्या देवघराचा कळस तेवढा त्या वेळी तिथे पॉलिशला होता. बाकी काय काय उचललं ठाऊक नाही, पण एका काखेत जीन्सची गुंडाळी आणि दुसऱ्या काखेत शर्टात बांधलेला कळस घेऊन ते बसमध्ये चढले. कंडक्टर लगेजचं तिकीट फाडायला आला. आत काय आहे ते पाहिल्यावर त्याने कळसाला हात लावून नमस्कार केला आणि मिस्त्रींना उठवून खिडकीशी बसवलं. दारात आले तेव्हा तोंडावर धूळ होती. हिने विचारलं, “तुमचं सामान?” ते म्हणाले, “यही है.” आता ते चाकणपलीकडे म्हाळुंगेच्या बाजूला असतात, एका खोलीत सहाजण, दिवसपाळीवाल्यांच्या गाद्यांवर रात्रपाळीवाले. दिवसा खोकी, रविवारी नक्षी.

देवघर बसलं. पोपट एकमेकांकडे बघतात. बऱ्याच दिवसांनी मी निरंजनाच्या वाती घ्यायला खण ओढला तेव्हा आतल्या पाइनच्या फळीवर एक बारीक वेल दिसला. सांगितलेला नव्हता, पैशांत धरलेला नव्हता. तो वेल फळीच्या कडेने येऊन बरोबर त्या डागलेल्या शिक्क्यापाशी वळला होता, आणि शिक्क्यातल्या लोंबीला त्याने आपलं शेवटचं पान करून घेतलं होतं. ‘केआर’ तसंच ठेवलंय. आम्ही खण ओढून सगळ्यांना दाखवतो, आणि देव बिचारे वाट बघत बसतात.

दाखवण्याचा परिणाम असा झाला, की आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना तसंच्या तसं देवघर हवंय. हे गृहस्थ खरेदी विभागातून निवृत्त झालेले, त्यामुळे तीन कोटेशन्स मागवल्याशिवाय ते कोथिंबीरही घेत नाहीत. दोन कोटेशन्स सीएनसीवाल्यांची आली, थ्रीडी चित्रांसह. तिसरं मिस्त्रींचं, व्हॉट्सअ‍ॅपवर, आवाजी. मागे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता. लाकडाचा भाव, पॉलिशचा भाव, कळस वेगळा. शेवटी पोपट. दोन पोपट, त्यांना जसे येतील तसे, एवढे एवढे रुपये. आणि साहेबांना दोन्ही अगदी एकसारखे हवे असतील तर दुप्पट, कारण मेहनत जास्त आहे.

शेजाऱ्यांनी तो संदेश मला दोनदा ऐकवला. मग कॅल्क्युलेटर काढला, थोडा वेळ दाबला, आणि म्हणाले, “विचारून बघा ना तुमच्या मिस्त्रीला, एकच पोपट घेतला तर काय घेईल?”